सावलीतलं तण

आमच्या घराच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि जुनं झाड यांच्यामध्ये, एक लांबट जागा आहे. ताई तिला अंगण म्हणायची, मी मागची जागा म्हणायचो. तिथे ऊन येत नाही. पूर्वी येत असे. मग भिंतीपलीकडे उंच इमारत उभी राहिली आणि झाडाच्या फांद्याही वर एकमेकींत मिसळून गेल्या. आता सकाळी उन्हाची एक अरुंद पट्टी भिंतीवरून घसरत खाली येते, जमिनीला जेमतेम टेकते आणि निघून जाते. दारातूनच 'बसत नाही, घाईत आहे' म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी.

ताईच्या कमरेखालचं बळ गेलं, तेव्हा आम्ही तिचा पलंग मागच्या खिडकीशी आणला. पुढच्या खोलीत रस्त्याचा आवाज फार, आणि ताईला आवाज चालत असे तो फक्त स्वतःचा. ती माझ्याहून मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर म्हणून निवृत्त झाली. हाताखालच्या मुली तिला घाबरत, आणि तिच्या निरोप समारंभाला त्याच रडल्या. यजमान गेल्यावर ती आईवडिलांच्या या घरात परत आली, तेव्हा इथे मी एकटाच होतो. माझं लग्न झालेलं नाही. मी कोणाला विचारलं नाही आणि मला कोणी विचारलं नाही. ताई म्हणायची, "हा मुलगी बघायला गेला असता, तर तिच्या घरातलं पुस्तकांचं कपाट बघून परत आला असता."

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. आमच्या कामाची एक शिस्त होती. मूळ प्रतीत असेल तेच पानावर आलं पाहिजे. लेखकाची चूक झाली आहे असं वाटलं, तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. आपल्या अधिकारात शब्द बदलायचा नाही. ही शिस्त मला इतकी मानवली की ती कामापुरती राहिली नाही. कोणी ठामपणे काही सांगितलं की ते मला मूळ प्रतीसारखं वाटतं. आणि ताईइतकं ठामपणे बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

ताईचा मुलगा, माझा भाचा, दुसऱ्या शहरात दंतवैद्य आहे. आईला न्यायचं हे त्याच्या मनाने घेतलं होतं. दवाखान्यातून सवड काढून तो यायचा, पलंगाच्या कडेला बसायचा आणि तोच विषय काढायचा.

"आई, हट्ट पुरे आता. मामांना उचलवतं का तुला? त्यांचं वजन तुझ्याहून कमी."

"तो उचलत नाही. सरकवतो."

"सरकवायला तू काय कपाट आहेस?"

"कपाटाला निदान कुलूप असतं. तू तर सरळ दार उघडून आत काय मोडलंय ते बघतोस. दातांची सवय."

भाचा हसला, पण हटला नाही. त्याच्याकडे लिफ्ट होती, दिवसरात्र राहणारी नर्स मिळणार होती, सुनेने खोली रिकामी करून ठेवली होती. हे सगळं खरं होतं. ताईचं करायला ठेवलेल्या मावशी फक्त सकाळी येत. अंघोळ, कपडे, अंथरूण करून दुपारी दुसऱ्या घरी जात. पुढे मीच. आणि मी म्हणजे काय, हे भाच्याने नुकतंच सांगितलं होतं.

ताईने खिडकीबाहेर बोट केलं. मग म्हणाली, "तिथे आईची निळी फुलं होती. भिंतीपासून खोडापर्यंत, सतरंजी अंथरल्यासारखी. ती परत फुलली की येते. एकदा डोळे भरून बघते आणि येते. तोवर हा विषय काढायचा नाही."

"नक्की?"

"नक्की. मामा साक्षीला."

माझी साक्ष कोणी विचारली नाही. भाचा त्याच दिवशी बाजारात जाऊन बियांचं पाकीट घेऊन आला. सावलीत जमिनीलगत पसरणारी, एकदा लागली की वर्षानुवर्षं आपोआप फुलणारी निळी फुलं, असं त्यावर लिहिलं होतं. ते त्याने माझ्या हातात ठेवलं आणि बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "मामा, तुमच्यावर आहे सगळं."

मी वाचनालयातून सावलीतल्या बागेवरचं पुस्तक आणलं. सकाळी चष्मा पुसून खुरपं घेतलं आणि मागे गेलो. झाडाच्या मुळांना धक्का न लावता मधली माती सैल करायची होती. पण तिथे मातीपेक्षा मुळंच जास्त. एखाद्या दाट छापलेल्या पानात दुरुस्तीला जागा शोधावी, तशी मी बोटांनी जागा शोधत गेलो. सडलेला पाला चाळून पसरला. बी मातीत दाबलं नाही, नुसतं टेकवलं. पुस्तकात तसंच म्हटलं होतं. पाणी घालताना झारी जड व्हायची आणि थेंब मोठे पडत.

मला ताईने जायला नको होतं, हे लिहायला हवं. तिच्या ओरडण्यावाचून त्या घरात मी पूर्वी कसा राहत होतो, ते मला आठवेनासं झालं होतं. तरी मी इमानाने पेरलं. मला दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने काही करता येत नाही.

काही दिवसांनी हिरवं दिसू लागलं. अरुंद, लांबट पाती, पुसटशी. मी गुडघ्यावर बसून बघत होतो तेवढ्यात वरून आवाज आला.

"छोट्या! काय उगवलंय?"

"रोपं आली बहुतेक."

"रोपं कसली, गवत आहे ते. आईच्या फुलांचं पान गोल असतं. कडेला कातरलेलं. उपट ते, नाहीतर बी गुदमरेल."

मी पुस्तक आणायला आत गेलो. त्यात लिहिलं होतं, की बियांतून आधी अरुंद, गवतासारखी पानं येतात आणि गोल पानं नंतर. मी तो परिच्छेद ताईला वाचून दाखवला. तिने डोळे मिटून ऐकला.

"हे लिहिणारा कधी मातीत उकिडवा बसलाय का?"

"बसला असेल."

"असेल म्हणजे तुला माहीत नाही. मला माहीत आहे. उपट."

मी मनात एक प्रश्नचिन्ह केलं आणि उपटलं.

मग तो रोजचा नेम झाला. सकाळचा चहा झाला की मी लाकडी स्टूल घेऊन मागे बसायचो आणि ताई खिडकीच्या गजांतून काठी बाहेर काढून दाखवायची. "डावीकडे. तुझ्या डावीकडे, माझ्या नव्हे. अरे, डावं कुठलं हे शाळेत शिकवलं नव्हतं का? हां, तेच. मुळासकट." मावशी अंथरूण झटकता झटकता म्हणायच्या, "काका, रोज एवढं उपटण्यापेक्षा एक शेळी बांधा. दूध तरी मिळेल."

"शेळी ऐकणार नाही," ताई म्हणायची. "हा ऐकतो."

भाचा आला की आधी मागे जायचा. पालापाचोळा आणि उघडी माती बघून त्याचा चेहरा पडायचा. दुसऱ्या वर्षी त्याने दुसऱ्या दुकानातून बी आणलं. तेही तसंच गेलं. मग म्हणाला, "आई, मी तयार रोपंच आणतो गाडीत घालून. एका दुपारचं काम."

"तयार रोपं नकोत. आईने बियांपासून केली होती. विकत आणून अंथरायचं तर मग सतरंजीच आण."

बाहेर पडताना तो मला म्हणाला, "मामा, माती तपासून घेऊ या का?" त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. रात्रीची गाडी करून तो आला होता, आणि तशीच करून परत जाणार होता. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि तो फाटकाबाहेर गेल्यावर बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटावं, याचं मला नवल वाटत राहिलं.

त्यानंतर थंडी ओसरत असताना एक दिवस झारी झाडामागे घरंगळली म्हणून मी खोडाला वळसा घालून गेलो. ती बाजू खिडकीतून दिसत नाही. दोन जाड मुळांच्या बेचक्यात एक रोप होतं. खाली, मातीशी, तीच अरुंद गवताची पाती, पिवळी पडत आलेली. त्यांच्याच वर, त्याच देठावर, गोल पानं. कडेला कातरलेली. आणि एक निळं फूल, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं.

मी ते मातीच्या गोळ्यासकट खुरप्यावर घेतलं आणि जवळजवळ धावत आत आलो.

"ताई! ताई, हे बघ. ते गवत नव्हतं. आपण सगळी रोपंच उपटत होतो. हे खाली बघ, हे पान."

ताईने खुरप्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आज कळलं होय तुला?" ती म्हणाली.

मी खुरपं धरून तसाच उभा राहिलो. माती फरशीवर पडत होती.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आईबरोबर त्या रोपांची विरळणी मीच करायचे रे. तू आत पुस्तकात डोकं घालून. आई हाक मारायची, तू 'आलो' म्हणायचास. अजून यायचाच आहेस."

"मग मला का उपटायला लावलंस?"

"दुसऱ्या कोणाला लावू? मला खाली उतरता येतं का?"

"सरळ सांगायचंस, की जायचं नाही म्हणून."

"तुला सांगितलं असतं, की तू ते तोंडावर घेऊन त्याच्यासमोर बसला असतास. लहानपणी चोरून साखर खाल्लीस की आधी तुझे कान लाल व्हायचे. माहीत नव्हतं म्हणून तर इतकं छान केलंस."

मला राग यायला हवा होता. मी तो यायची वाट पाहिली. आला नाही. मी विचारलं, "तिथे वाईट काय आहे पण?"

"काही वाईट नाही. सून चांगली आहे, माझ्याहून चांगली. खोलीत दिवसभर ऊन आहे. मुलगा तर बघतोसच." तिने चादरीची कड बोटाने सरळ केली. "पण तिथे मला हळू बोलावं लागेल, छोट्या. चांगल्या माणसांच्या घरात हळू बोलावं लागतं. पाणी हवं असलं तरी ते कामात नाहीत ना, ते आधी बघावं लागतं. इथे मी ओरडते. ओरडले की मी आहे असं वाटतं."

मावशींनी आतून विचारलं, काय सांडलं म्हणून. "माती," ताई म्हणाली. "काका बाग आत घेऊन आलेत."

मी ते रोप परत दोन मुळांच्या बेचक्यात लावलं. ते जगलं नाही. मी फार घाईने काढलं होतं.

पुढच्या वर्षी काय करायचं, हे मी तिला विचारलं. मी पेरणारच नाही, म्हटलं. ती म्हणाली, "पेरायला तर हवंच. तो रिकामं पाकीट बघायला मागेल. दातवाला आहे, मुळापर्यंत जातो." तेव्हा मी पेरलं. उगवलं. आणि मी स्टूल घेऊन बसलो. काठी गजांतून बाहेर आली. आता आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि मला वाटतं त्या काही आठवड्यांइतके आम्ही कधी हसलो नसू. "ते गवत उपट हं," ताई रस्त्यावर ऐकू जाईल असं ओरडायची, आणि मी "हो, फार माजलंय," म्हणायचो. माझे कान लाल होत असतील, पण बघायला भाचा तिथे नव्हता. फक्त उपटताना माझी बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती. त्या पात्यांना आता वरची गोल पानं चिकटलेली दिसायची.

थंडी ऐन भरात होती, तेव्हाची गोष्ट. दुपार. मावशी गेल्या होत्या. ताईला पलंगावरून खुर्चीवर घ्यायचं होतं, तिला लघवीला जायचं होतं. हे मी रोज करायचो. तिचे हात माझ्या मानेभोवती, माझे तिच्या काखेतून मागे बांधलेले, एक, दोन, आणि सरकवायचं. त्या दिवशी माझी बोटं सुटली. का सुटली ते मला माहीत नाही. ती एकदम पडली नाही. पलंगाच्या कडेने हळूहळू घसरत गेली, आणि मी तिच्याबरोबर वाकत गेलो, आणि ती फरशीवर बसली.

"लागलं?"

"नाही. उचल."

मी उचलायला गेलो. मग चादर तिच्या पाठीमागून घालून ओढून पाहिलं. मग उशा खाली सारून थोडं थोडं वर घेता येईल का ते पाहिलं. माझ्या छातीत धडधडू लागलं तेव्हा तीच म्हणाली, "बस. आता तूही पडशील, मग दोघांना कोण उचलणार. बस इथे."

"मी फोन करतो त्याला."

"तो काय तिथून हात लांब करणार आहे?"

"शेजारी बघतो."

"कुलूप आहे त्यांच्याकडे. दिवसा कोण असतं घरी? आणि असले तरी मी अशी..."

मी रजई ओढून खाली घेतली. पलंगाला पाठ लावून आम्ही दोघं फरशीवर बसून राहिलो. तिथून खिडकीतून जमीन दिसत नव्हती, फक्त फांद्या दिसत होत्या. पुढच्या खोलीत फोन वाजायला लागला. भाचा जेवणाच्या सुट्टीत रोज करायचा.

"वाजू दे," ताई म्हणाली.

"काळजी करेल."

"तू उचललास की तो आवाजावरून ओळखेल. वाजू दे."

फोन थांबला. परत वाजला. ताई मान एका बाजूला करून ऐकत होती, जणू तो दुसऱ्या कोणासाठी होता. मग काही वेळाने ती म्हणाली, "छोट्या, तिकडे बघ."

मी भिंतीकडे बघितलं. फरशीवर पाणी पसरत माझ्या पायजम्यापर्यंत आलं. गरम होतं, मग गार झालं. मी हललो नाही. हललो असतो तर मला कळलं हे तिला कळलं असतं. भिंतीला पोपडे आलेले होते, ते मी बघत राहिलो. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. ती रडत होती का, ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी मावशी आल्या. त्यांचा डबा राहिला होता. दारातूनच "अगं बाई" म्हणून त्यांनी हातातली पिशवी सोडली, रस्त्यावर जाऊन पलीकडच्या इमारतीच्या वॉचमनला हाक मारली, आणि दोघांनी तिला उचललं. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात.

"त्याला सांगायचं नाही," ताई म्हणाली. मी सांगितलं नाही. मावशींनीही सांगितलं नाही. पण ताईच्या मांडीवर मोठा काळानिळा डाग आला, आणि पाठीला जखम झाली ती भरायला तयार होईना.

त्यानंतर दोन दिवस मी मागे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर स्टूल आणि खुरपं घेऊन गेलो. पाती वाढली होती. भिंतीच्या बाजूला विरळ, नळाजवळ दाट. मी बसलो आणि पाठीमागून आवाज यायची वाट बघत राहिलो. खिडकी उघडी होती. काठी बाहेर आली नाही. मी खुरपं मातीत टेकवलं, उचललं, परत टेकवलं. उन्हाची पट्टी खाली आली आणि गेली. मग मी पात्यांवर पडलेली वाळकी पानं तेवढी बाजूला केली, झारीने पाणी घातलं आणि आत आलो.

"आज लवकर आलास," ताई म्हणाली.

"थंडी आहे."

"हो. थंडी आहे खरी."

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला आजही वाटतं की एकाने तरी बोलायला हवं होतं. ती बोलली असती तर मी उपटलं असतं, याबद्दल मला शंका नाही. माझ्याबद्दल ज्या थोड्या गोष्टींची मला शंका नाही, त्यांतली ती एक.

गोल पानं आली. मग थंडी गेली आणि फुलं आली. पण सतरंजी नव्हे. आधीच्या आठवड्यांत मी इतकं काही उपटलं होतं की जमीन मधेमधे उघडी होती. नळापाशी एक पुंजका, भिंतीच्या कडेला दोन-चार फुलं, खोडाजवळ एखादं. मावशी म्हणाल्या, "नाजूक आहेत हो." ताईने चष्मा मागून घेतला, बघितलं, चष्मा परत दिला.

भाचा आला तो नेहमीप्रमाणे आधी मागे गेला. बराच वेळ परतला नाही. मी खिडकीतून पाहिलं, तो बूट काढून उकिडवा बसला होता आणि एका फुलाखाली बोट धरून ते वर करून बघत होता. लहानपणी तो असाच बसायचा. आत आला तेव्हा त्याच्या गुडघ्याला माती लागली होती.

"आई, आली की गं फुलं."

"आली."

तो खुश होऊन बोलायला लागेल असं मला वाटलं होतं. पण तो पलंगाशी बसला आणि हाताची बोटं चोळत राहिला. "पण निम्मी जागा उघडीच आहे," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस भिंतीपासून खोडापर्यंत. मी काही कायद्यावर बोट ठेवून तुला नेणार नाही. तुला वाटत असेल की अजून फुललं नाही, तर पुढच्या वर्षी बघू. मी येत जाईन असाच."

त्याने हे मनापासून म्हटलं. म्हणूनच ते ऐकवेना. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केस विसकटले. मग खिडकीकडे तोंड केलं.

"मला काय विचारतोस? मला इथून धड दिसत नाही. मामाला विचार. तपासायचं काम जन्मभर त्यानेच केलंय."

"मामा?"

दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. ताई खिडकीबाहेर बघत होती आणि भाचा आपल्या गुडघ्यावरची माती. मी ताईच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते पाहिलं. मला नेहमी कळायचं, तिला काय हवं ते. भुवई जरा हलली तरी कळायचं. आज काही हललं नाही. नाही म्हटलं, तर ती इथेच राहणार होती. सकाळचा चहा, काठी, ओरडणं, सगळं. आणि दुपारी मी तिच्या काखेतून हात घालून मागे बोटं अडकवणार होतो, आणि ती सुटणार की नाही हे मला ठाऊक नव्हतं.

"फुललंय," मी म्हणालो.

भाच्याने वर पाहिलं. "पूर्ण?"

"हो. पूर्ण."

ताई वळली आणि भाच्याला म्हणाली, "ऐकलंस ना? मग बसलास काय? माझे कपडे काढ. आणि सुती साड्या वर ठेव, खाली घातल्यास की चुरगळतात."

तो तिला उचलून गाडीपर्यंत घेऊन गेला. एका दमात. तिचे हात त्याच्या मानेभोवती होते आणि ती त्याला पायरी सांभाळ, फाटक सांभाळ, असं मोठ्याने सांगत होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "जेवत जा वेळेवर." गाडी वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. मग मावशींनी पलंगाची गादी उन्हात टाकायला हवी म्हणून हाक मारली.

आठवड्याभराने तिचा फोन आला. पाठीची जखम भरत होती. नर्स केरळी की कुठली होती, ते तिला नीट सांगता येईना, पण हात हलका होता. जेवण चांगलं होतं. मी म्हटलं, छान. मग तिने विचारलं.

"छोट्या, खरं सांग. तुला वाटलं होतं का ते फुललंय म्हणून?"

"नाही."

"मग?"

"मला तू उचलवत नव्हतीस."

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मग तेच म्हणायचं होतंस. बिचाऱ्या फुलांना कशाला मधे घातलंस?"

"तूच घातलंस."

ताई हसली. तिचं ते मोठं, घोगरं हसू, जे ऐकून मावशी भांडी घासताना दचकायच्या. ते मधेच थांबलं. मागून कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, चांगल्या, काळजीच्या आवाजात. "काही नाही गं, भाऊ आहे," असं ताई तिला म्हणाली, आणि मग मला काहीतरी सांगू लागली, पण इतक्या हळू, की शब्द कळेनात.

"ताई, मोठ्याने बोल," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोल."